संपर्कातील इतर: एक

डेअरीच्या फलाटावर सकाळची पहिली गाडी लागायच्या आधी नाकसाहेब हजर असत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथून ते कधी बाहेर पडलं नाही. कॅनचं झाकण उघडायचं, नाक आत घालायचं, आणि दूध कालचं की आजचं, गाईने काय खाल्लंय, कॅन नीट धुतलाय की नुसता विसळलाय, हे सांगून मोकळं व्हायचं, असं हे नाक. पुढे यंत्रं आली, तपासणीच्या पट्ट्या आल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

एक गोष्ट मात्र नाकाला कळत नाही. गाईला औषध दिलेलं असेल तर ते दुधात उतरतं, आणि अशा दुधाचा कॅन मोठ्या टाकीत गेला की सगळ्या टाकीचं दही बिघडतं. विरजण घालून कितीही वाट बघा, दूध आपलं दूधच. म्हणून प्रत्येक कॅनमध्ये पट्टी बुडवायची, आणि पट्टीच्याही आधी तोंडाने विचारायचं. नाकसाहेब रोज साठ-सत्तर जणांना थेट डोळ्यांत बघून विचारत, "औषध चालू आहे का?" भल्याभल्यांची बोबडी वळायची.

"खरं सांगा," ते म्हणत. "पट्टी सांगणारच आहे. पण तुम्ही सांगितलंत तर मला बरं वाटेल."

त्या सकाळी रांगेत एक मावशी होत्या, घरी दोनच गाई असलेल्या. त्यांनी प्रश्नाची वाटही बघितली नाही. कॅन खाली ठेवला आणि सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तांबडीच्या सडाला सूज आहे. कालपासून औषध चालू आहे. तिचं दूध वेगळं काढलंय, ते आणलंच नाही. हे काळीचं आहे, बघा पट्टी लावून."

"शाबास, मावशी," नाकसाहेब म्हणाले, आणि हे बोलताना त्यांना आपलीच थोडी लाज वाटली. कारण दुसऱ्यांकडून रोज खरं वदवून घेणाऱ्या या माणसाला गेले तीन आठवडे स्वतःबद्दलची एक साधी गोष्ट एका बाईला सांगता येत नव्हती.

त्याचं असं झालं होतं. तीन आठवड्यांपूर्वी नाकसाहेबांना लघवीला जळजळ व्हायला लागली. पाणी कमी प्यालो असेन, म्हणून त्यांनी तांब्याभर पाणी पोटात ढकललं. दुसऱ्या दिवशी आतल्या कपड्यावर पिवळट डाग दिसला. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणूस आपल्या अंगाला ओळखून असतो, आणि हे काही पाणी कमी प्याल्याचं लक्षण नव्हतं. मग ते चांगल्या कडक उन्हात तोंडाला मफलर गुंडाळून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका दवाखान्यात गेले. मफलरमुळे जे लोक एरवी बघितलेही नसते ते सगळे वळून बघत होते, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

तिथले डॉक्टर साठीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी लघवी तपासायला पाठवली आणि अहवाल आल्यावर सांगितलं, की क्लॅमिडिया नावाचा जंतू आहे, शरीरसंबंधातून एकाकडून दुसऱ्याकडे जातो, पुष्कळांना होतो आणि औषधाने पूर्ण बरा होतो. "सात दिवस, सकाळ-संध्याकाळ एक गोळी. मधेच बंद करायची नाही. गोळ्या संपेपर्यंत जवळीक नाही. आणि जोडीदाराला सांगा. त्यांनाही तपासून औषध घ्यावं लागेल, नाहीतर हा जंतू तुमच्या दोघांत चेंडूसारखा इकडून तिकडे जात राहील."

डॉक्टर पुढेही काहीतरी बोलत होते, पण 'जोडीदाराला सांगा' याच्यापुढचं नाकसाहेबांच्या कानात शिरलंच नाही. नुसती मान हलत राहिली.

जोडीदार म्हणजे डॉक्टरबाई, जनावरांच्या दवाखान्यातल्या. दोन वर्षांपूर्वी त्या इथे बदलून आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका नाकारलेल्या कॅनवरून दोघांची जुंपली होती. बाईंनी गाईवर उपचार करायचे आणि नाकसाहेबांनी तिचं दूध ओतून द्यायचं, असा हा संबंध. त्यात प्रेम बसायला जागा नव्हती. तरी ते बसलं. रोज दुपारी नाकारलेल्या दुधाच्या चिठ्ठ्या घेऊन नाकसाहेब त्यांच्या दवाखान्यात जात, आधी पाच मिनिटं भांडत, मग दहा मिनिटं चहा पीत, आणि आठ महिन्यांपूर्वी एका रविवारी चहा दवाखान्यावरच्या त्यांच्या खोलीत झाला. तेव्हापासून सोमवार ते शनिवार नाकसाहेब रविवारचीच वाट बघत. रविवारी दोघं एकमेकांना 'तू' म्हणत, इतर वारी 'तुम्ही'. कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही असं ठरलं होतं, कारण बाईंचं औषध चालू असलेल्या गाईचं दूध तपासणार नाकसाहेबच. लोक म्हणाले असते, दोघांचं साटंलोटं आहे.

दोघांच्याही मागे एकेक मोडलेलं लग्न होतं. मधल्या काळात नाकसाहेबांची आणखी एक ओळख होऊन गेली होती, बाईंनीही एकदा कुणाचा तरी उल्लेख केला होता. त्याबद्दल कधी कुणी कुणाला खोदून विचारलं नव्हतं. पण आता नाकसाहेबांच्या डोक्यात भुंगा लागला. सांगितलं, तर त्या म्हणतील तुझ्याकडून आलं. किंवा त्याहून वाईट, म्हणतील तू माझ्यावर संशय घेतोस. दोन्हीकडून रविवार जाणार. आणि रविवार गेला तर आपल्याकडे काय उरतं, याचा विचार करायचंही ते टाळत. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी इतकं मनापासून हवं होतं.

म्हणून ते गप्प बसले. घरी थोरली बहीण होती, ताई. नवरा गेल्यापासून ती त्यांच्याकडेच राहायची आणि त्यांच्या खाण्यापिण्याचा ताबा तिने पूर्ण घेतला होता. पहिल्या दिवशी गोळीचा कागद वाजला तशी ती स्वयंपाकघरातून आली.

"कसली गोळी?"

"दाढ," नाकसाहेब म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला आयत्या वेळी दाढच आठवते.

"मग अशी कोरडी काय घेतोस?" ताई म्हणाली, आणि पेलाभर दूध समोर ठेवून ते संपेपर्यंत उभी राहिली.

डेअरीच्या माणसाच्या घरी दुधाला तोटा नसतो. रोजचं दोन लिटर घरपोच, शिवाय दही, लोणी. दाढ दुखते म्हटल्यावर ताईने चावण्यासारखं सगळं बंद केलं. सकाळी दुधात भिजवलेला पाव, दुपारी दही, संध्याकाळी घट्ट साय घातलेलं आणखी काहीतरी, आणि प्रत्येक गोळीमागे पेलाभर दूध. सात दिवसांत नाकसाहेबांचं वजन वाढलं. त्याच सात दिवसांत एक रविवारही आला. डॉक्टरबाईंनी खिडकीला नवे पडदे लावले होते, स्वतः शिवलेले, एक जरा आखूड. ते बघायला ये म्हणाल्या. नाकसाहेब फक्त पडदे बघून परत यायचं असं पक्कं ठरवून गेले.

ते काही फक्त पडदे बघून परत आले नाहीत.

गोळ्या संपल्या, जळजळ थांबली. नाकसाहेबांनी सुटकेचा नि:श्वास सोडला आणि प्रकरण मिटलं असं स्वतःला सांगितलं. तीन दिवसांनी जळजळ परत हजर. पुढचे दोन रविवार त्यांनी बाईंनाही दाढेचंच कारण दिलं. बाईंनी दोन्ही वेळा लवंगेचं तेल पाठवलं.

मग एक दिवस गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातला बारीक अक्षरांचा कागद त्यांच्या हाती लागला, आणि त्यात लिहिलं होतं, की ही गोळी दूध-दह्याबरोबर घेऊ नये, औषध अंगी लागत नाही. नाकसाहेबांना इतका आनंद झाला, की त्यांनी तो कागद दोनदा वाचला. म्हणजे सगळा घोटाळा दुधाचा. म्हणजे पुन्हा गोळ्या घ्यायच्या, पाण्याबरोबर घ्यायच्या, आणि कुणाला काही सांगायची गरजच नाही. सोमवारी ते जवळजवळ शीळ घालतच दवाखान्यात गेले. मफलर घरीच राहिला.

"दूध," त्यांनी खुर्चीवर बसता बसता निदान सांगून टाकलं. "चौदा गोळ्या, चौदा पेले."

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "मी सांगितलं होतं."

"तेव्हा माझं लक्ष नव्हतं."

"असेल, थोडं औषध दुधाने वाया घालवलं असेल," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा तपासू. दुसरा एखादा जंतू सोबत आहे का, तेही बघू. आता मला सांगा, जोडीदाराला सांगितलंत?"

नाकसाहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"गोळ्या चालू असताना जवळीक?"

"एकदाच."

"ती पण दुधामुळेच झाली का?"

नाकसाहेबांनी पुन्हा घड्याळ बघितलं. रोज साठ-सत्तर जणांना आपण हेच करतो, हे त्यांना फलाटाच्या दुसऱ्या बाजूने प्रथमच दिसत होतं, आणि तिथून ते फारच अवघड दिसत होतं.

"हे बघा," डॉक्टर म्हणाले, आवाज तोच, सावकाश. "कुणाकडून कुणाला आलं हे शोधत बसू नका. कित्येकांना महिनोन्महिने काही जाणवत नाही. बायकांना तर बहुतेकदा काहीच लक्षण नसतं, आणि आतल्या आत त्रास वाढतो. पुढे पोटदुखी, गर्भनळीला इजा. त्यांना काही होत नाही म्हणजे त्यांना काही नाही असं नव्हे. तुम्ही गप्प बसून स्वतःला वाचवत नाही आहात, त्यांना अडचणीत घालताय. गुरुवारी अहवाल येईल. दोघंही या."

नाकसाहेब चालत घरी आले. इतके दिवस भीती होती ती आपलं काय होईल याची. आता पहिल्यांदाच त्यांना बाईंची भीती वाटली, म्हणजे बाईंसाठी. रोज दुसऱ्यांच्या गाईंसाठी चिखल तुडवत फिरणारी ती बाई, आणि तिच्या अंगात काय चाललंय हे आपल्याला माहीत, तिला नाही. या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही. ताई म्हणाली, ही दाढ आता काढूनच टाक.

सांगायचं तर ठरलं, पण तोंड उघडेना. मंगळवारी सकाळी त्यांनी फोन लावला आणि हवेबद्दल बोलून ठेवून दिला. पुन्हा लावला आणि लवंगेच्या तेलाबद्दल आभार मानले. शेवटी त्यांना एक युक्ती सुचली, आणि ती फक्त त्यांनाच सुचू शकत होती. तोंडाने जमत नसेल तर लिहून द्यावं; आणि लिहून द्यायचा त्यांच्या हातचा कागद एकच होता. त्यांनी नाकारलेल्या दुधाच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं, एक चिठ्ठी फाडली आणि रकाने भरायला घेतले. लक्षणं. कधीपासून. कोणतं औषध, किती दिवस, कशातून दिलं. गुण आला का. शेवटी 'संपर्कातील इतर जनावरं' असा रकाना होता. तिथे त्यांनी पुष्कळ विचार करून लिहिलं: एक. तपासणी बाकी. मालकाच्या नावाची जागा कोरी ठेवली. सगळं भरून झाल्यावर त्यांना वाटलं, किती नीटनेटकं झालं.

दुपारी डॉक्टरबाई दवाखान्यात एकट्याच होत्या. बाहेरून नुकत्याच आल्या होत्या; गमबूट दारात, कोपरापर्यंतचे लांब हातमोजे धुऊन दोरीवर टाकलेले. "किती आहेत आज?" त्यांनी हात पुसत विचारलं.

"एकच."

बाईंनी चष्मा लावला आणि सवयीप्रमाणे मोठ्याने वाचायला लागल्या. "लघवीला जळजळ, स्राव. तीन आठवडे. हं. औषध बरोबर आहे, मुदत बरोबर आहे. कशातून दिलं, दुधातून. दुधातून? हे कुणी शहाण्याने दिलं? या औषधाला दूध चालत नाही हे मी घसा फोडून सांगत असते. गुण येऊन पुन्हा उद्भवलं. येणारच उलटून." त्यांनी कागद पालटून बघितला. "वय का नाही लिहिलं? म्हातारी आहे का?"

"मध्यमवयीन," नाकसाहेब म्हणाले.

"आणि हे काय, नर? अहो, नर असेल तर दुधाचा कॅन आला कुठून?"

नाकसाहेबांनी वाकून चिठ्ठीकडे बघितलं. या रकान्याचा त्यांनी विचारच केला नव्हता. नर की मादी विचारलं होतं, त्यांनी खरं ते लिहिलं होतं.

"संपर्कातील इतर जनावरं, एक," बाई वाचत होत्या. "तपासणी बाकी. मालकाचं नाव नाही. गाय कुणाची आहे ही?"

"गाय नाही," नाकसाहेब म्हणाले. "मी आहे."

बाई हसल्या. मग त्यांनी चिठ्ठी पहिल्यापासून पुन्हा वाचली, या वेळी मनात. वाचता वाचता हसू उतरत गेलं. शेवटच्या रकान्यापाशी त्यांचं बोट थांबलं.

"आणि हे, संपर्कातलं?"

नाकसाहेबांनी उत्तर द्यायच्या आधीच त्यांना उत्तर कळलं होतं. तरी ते म्हणाले, "तू. तपासून घ्यावं लागेल. औषध घ्यावं लागेल, दोघांनी एकदम. तुला काही जाणवत नसेल तरी आतून त्रास होऊ शकतो. माझ्याकडून आलं की कुठून, मला माहीत नाही, आणि मला शोधायचंही नाही. मी तीन आठवड्यांपूर्वीच सांगायला हवं होतं."

"पडद्यांच्या रविवारी तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि दाढ?"

"दाढ नाही."

डॉक्टरबाईंनी चिठ्ठीची घडी घातली, मग त्या घडीची घडी. "गाई बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. "काय दुखतंय, कुठे दुखतंय, सांगत नाहीत. म्हणून मी पाच वर्षं घालवून शिकले. तुम्हाला तर तोंड आहे, नाकसाहेब."

आत्तापर्यंतचं 'तू' जाऊन 'तुम्हाला' आलेलं नाकसाहेबांनी ऐकलं. वर कुणी नव्हतं, दवाखान्यात कुणी नव्हतं, तरी 'तुम्हाला'.

"मी संपर्कातलं जनावर," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज हलला, रागाने की आणखी कशाने, त्यांना स्वतःलाही कळलं नसावं. "तुम्ही निघा आता. मला काम आहे."

नाकसाहेबांनी दवाखान्याचा पत्ता आणि गुरुवारची वेळ टेबलावर लिहून ठेवली, आणि निघाले.

त्या संध्याकाळी ताईने नेहमीप्रमाणे पेला आणला. नाकसाहेबांनी तो बाजूला सारला आणि गोळ्यांचं दुधाशी जमत नाही असं सांगितलं.

"म्हणजे इतके दिवस मीच घोळ केला," ताई म्हणाली.

"तू कशाला. दाढेचं मीच सांगितलं."

ताई समोर बसली. "कुठली दाढ?"

नाकसाहेबांनी डाव्या गालावर बोट ठेवलं.

"ती दोन वर्षांपूर्वी काढली," ताई म्हणाली. "मीच घेऊन गेले होते. तू बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रिक्षात रडला होतास."

नाकसाहेबांनी हळूच बोट उजव्या गालावर नेलं, मग खाली घेतलं.

"मग आधी बोलली का नाहीस?"

"तुला काहीतरी झाकायचंय एवढं कळलं. काय, ते मला नको सांगूस. पण जिला सांगायचं तिला सांगितलंस का?"

'जिला' म्हटल्यावर नाकसाहेबांना कळलं, की आठ महिने आपण ज्या गुपिताला इतके जपत होतो त्याचा वास ताईला केव्हाच लागला होता. "आज सांगितलं," ते म्हणाले. "तिने घालवून दिलं."

"घालवणारच. मी असते तर गमबूट फेकून मारला असता." ताईने दुधाचा पेला उचलला, क्षणभर बघितलं आणि स्वतःच पिऊन टाकला. "पण सांगितलंस ते चांगलं केलंस. आता जरा गप्प बस. तिला रागवायला वेळ दे, तो तिचा हक्क आहे."

बुधवारी चिठ्ठ्या नव्हत्या, म्हणून जनावरांच्या दवाखान्यात जायला निमित्तही नव्हतं. नाकसाहेबांनी सगळ्या पट्ट्या मन लावून बघितल्या. 'औषध चालू आहे का' हा प्रश्न विचारताना आज त्यांचा आवाज खालच्या पट्टीत होता, आणि समोरचा अडखळला तर ते थांबत होते. एका माणसाने तर न विचारता मागच्या आठवड्याचंही कबूल करून टाकलं. घरी आल्यावर त्यांनी फोन चारदा उचलून बघितला. एकदाही वाजला नव्हता.

गुरुवारी ते दवाखान्यात एकटेच जाऊन बसले. अहवाल आला होता: तोच जंतू, दुसरा कुणी सोबतीला नाही. आत बोलावतील तेव्हा जायचं होतं. बाकड्यावर चार-पाच जण होते, त्यात नेमक्या फलाटावरच्या तांबडीवाल्या मावशी, दंडावर खरूज घेऊन. त्यांनी नाकसाहेबांना बघून मोठ्याने रामराम केला आणि विचारलं, "काय झालं?"

नाकसाहेबांना दाढ आठवली. "औषध चालू आहे," ते म्हणाले. मावशींनी जाणत्यासारखी मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही.

दार उघडलं. डॉक्टरबाई आत आल्या, गमबुटांसकट, थेट कुठल्यातरी गोठ्यातून. त्यांनी खोलीत नजर फिरवली, मावशींना बघितलं, मावशींनी त्यांना बघितलं. नाकसाहेबांना वाटलं, आता त्या परत फिरणार. बाई बाकड्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "सरक जरा."

नाकसाहेब इतके सरकले, की पलीकडचा माणूस उठून उभा राहिला.

"राग गेलेला नाही," बाई समोर बघत म्हणाल्या.

"हो."

"पण मग मला आठवलं, मीही तुला कधी काही विचारलं नव्हतं. आणि स्वतःला तपासूनही घेतलं नव्हतं. रोज उठून लोकांना शहाणपण शिकवते, गाय नवीन आणली की आधी तपासून घ्या म्हणून." त्यांनी गुडघ्यावरचं गवत झटकलं. "पुढे कधी काही झालं तर पहिल्या दिवशी सांगायचं. चिठ्ठी चालणार नाही."

"तोंडाने सांगेन."

"आणि त्या रकान्यात मला पुन्हा घालायचं नाही."

नाकसाहेब हो म्हणाले. म्हणताना त्यांचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवलं नाही. बाईंनी बघितलं. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला, आणि मग त्यांना हसू आवरेना. "नर," त्या म्हणाल्या, "दुधाच्या चिठ्ठीवर नर," आणि तोंडावर हात धरून हसत राहिल्या. काय चाललंय हे न कळताही मावशी सोबतीला हसल्या.

"तुझ्या मॅनेजरांना मी सकाळी फोन केला," हसू ओसरल्यावर बाई म्हणाल्या. "माझ्याकडच्या गाईंची पट्टी उद्यापासून दुसरं कुणीतरी बघेल."

नाकसाहेब दचकले. "त्यांना कारण काय सांगितलं?"

"खरं कारण."

"जंतूचं?"

"दुसरं," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात खिडकीतल्या बाईंनी हाक मारली, नवीन पेशंटची नोंद करायची होती. दोघं उठून गेले. खिडकीतल्या बाईंनी डॉक्टरबाईंचं वय लिहिलं, पत्ता लिहिला, आणि नाकसाहेबांकडे पेन दाखवून विचारलं, "हे सोबत आत येणार? नातं काय लिहू?"

मावशी कान टवकारून बसल्या होत्या. बाईंना अडचणीत टाकायचं नाही म्हणून नाकसाहेब घाईने म्हणाले, "कामानिमित्त ओळख आहे."

"नवरा लिहा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

खिडकीतल्या बाईंनी लिहिलं. "लग्न होऊन किती वर्षं झाली?"

"व्हायचंय अजून," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आधी दोघांच्या गोळ्या संपू देत."